सायकल सुटी करून ठेवावी की अखंड?



शाळेतून घरी आल्यावर तुम्ही सायकल कशी ठेवता? भिंतीला टेकवून कुलूप लावता, एवढेच ना? आता समजा, कोणी तुम्हाला सांगितले की रोज संध्याकाळी सायकल पूर्ण सुटी करा. चाके एका खोक्यात, पेडल दुसऱ्यात, साखळी तिसऱ्यात ठेवा आणि सकाळी शाळेला निघताना सगळे पुन्हा जोडा. तुम्ही त्या माणसाला वेड्यात काढाल. परंतु जगातील बहुतेक मोठे संगणक आपापली माहिती साठवताना जवळजवळ हेच करतात. आणि गंमत अशी की, तसे करण्यामागे चांगली कारणेही आहेत.

माहिती सुटी करून ठेवावी की अखंड, हा वाद संगणकशास्त्रात अनेक वर्षे गाजला. तो केवळ तज्ज्ञांचा वाद आहे असे मला वाटत नाही. शाळेत आपण संगणक शिकतो तेव्हा कोणते बटण कोठे दाबावे हे शिकतो; माहितीला आकार कसा द्यावा हे मात्र शिकत नाही. ते शिकणे अधिक महत्त्वाचे आहे, हे माझे म्हणणे या लेखात मांडतो.

प्रथम सुटी करून ठेवण्याची पद्धत पाहू. तुमचे प्रगतिपुस्तक ही एक गुंतागुंतीची वस्तू आहे. त्यात तुमचे नाव आहे, पत्ता आहे, विषय आहेत, प्रत्येक विषयाचे प्रत्येक चाचणीतले गुण आहेत. कोष्टकांच्या पद्धतीत हे पुस्तक अखंड राहत नाही. विद्यार्थ्यांचे एक कोष्टक, विषयांचे दुसरे, गुणांचे तिसरे. गुणांच्या कोष्टकात तुमचे नावही नसते, फक्त हजेरी क्रमांक असतो. प्रगतिपुस्तक हवे असेल तेव्हा संगणक तिन्ही कोष्टकांतील क्रमांक जुळवून ते नव्याने तयार करतो.

ही कल्पना एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. ते आयबीएम कंपनीच्या कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करत होते. त्यापूर्वीच्या पद्धती वेगळ्या होत्या. आयबीएमचीच आयएमएस नावाची पद्धत अपोलो चांद्रमोहिमेच्या असंख्य सुट्या भागांची नोंद ठेवण्याच्या गरजेतून निघाली. तिच्यात माहिती झाडासारखी रचलेली असे: यान, त्याचे भाग, भागांचे उपभाग. बुंध्याकडून फांदीकडे जाणे सोपे. पण एखादा स्क्रू हातात धरून 'हा कोणकोणत्या भागांत बसवला आहे?' असे विचारले तर पंचाईत, कारण वाटा एकाच दिशेने आखलेल्या. कोष्टकांनी ही अडचण दूर केली. कोणतीही वाट आधी आखलेली नाही, म्हणून कोणताही प्रश्न कोणत्याही बाजूने विचारता येतो. सायकल दुकानदाराचे उदाहरण घ्या. आपल्या जुन्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० आरे, म्हणजे स्पोक, असतात. दुकानात किती आरे आहेत हे सांगायला त्याला एकही सायकल तपासावी लागत नाही. आऱ्यांचे खोके मोजले की झाले.

मग अखंड ठेवण्याचा हट्ट कोणी आणि का धरला?

१९६० नंतरच्या दशकात नॉर्वेतील ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी सिम्युला ही संगणकभाषा तयार केली. तिच्यात प्रोग्रामचा घटक 'वस्तू' हा होता. वस्तूजवळ स्वतःची माहिती असते आणि त्या माहितीवर करायच्या क्रियाही असतात. पुढे १९८० च्या दशकात यंत्रांचे आराखडे संगणकावर काढले जाऊ लागले. एका इंजिनाच्या आराखड्यात हजारो भाग, भागांत भाग, त्यांच्यातही भाग. असा आराखडा कोष्टकांतून जुळवून उघडायचा म्हणजे रोज सकाळी सायकल जोडण्यासारखेच झाले. शिवाय 'भागाचा भाग, त्याचाही भाग' असे कितीही खोलवर जाणारे प्रश्न कोष्टकांच्या तेव्हाच्या प्रमाण भाषेत विचारताच येत नव्हते. ती सोय १९९९ च्या प्रमाणात आली. म्हणून जेमस्टोन, ओरायन, फ्रान्समधील ओ-टू अशा नव्या पद्धती निघाल्या. त्या वस्तू अखंडच साठवत. त्यांना वस्तुनिष्ठ डेटाबेस म्हणू या.

या पद्धतींनी दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट कोणती? वेग नव्हे. माझ्या मते ती आहे 'ओळख'.

ही कल्पना समजायला मराठी माणसाला इंग्रजी माणसापेक्षा सोपी जावी, कारण आपल्याकडे 'तेच' आणि 'तसेच' हे दोन नेमके शब्द आहेत. तुमच्याकडे आणि तुमच्या मित्राकडे विज्ञानाचे पाठ्यपुस्तक आहे. दोन्ही पुस्तके तशीच आहेत, पण तीच नाहीत. तुमच्या पुस्तकाचे पान फाटले तर मित्राचे फाटत नाही. उलट, दोन सख्ख्या भावांचे घर पाहा. ते नुसते तसेच घर नाही, तेच घर आहे. त्याचे छप्पर गळू लागले तर दोघांचेही अंथरूण भिजते. आता शाळेच्या रजिस्टरमध्ये दोन्ही भावांपुढे पत्ता वेगवेगळा लिहिलेला असेल आणि कुटुंब दुसरीकडे राहायला गेल्यावर एकाचाच पत्ता बदलला, तर काय होईल? कागदावर दोन भाऊ दोन घरांत राहू लागतील! संगणकाने 'तेच' ऐवजी 'तसेच' साठवले, म्हणून हा घोटाळा.

वस्तुनिष्ठ पद्धतीत प्रत्येक वस्तूला एक कायमचा ओळखक्रमांक मिळतो. तो तिच्या गुणांवर अवलंबून नसतो. सायकलीचा रंग बदला, सीट बदला, चाके बदला, ओळख तीच. दोन भावांच्या नोंदी एकाच घराकडे बोट दाखवतात. घराचा पत्ता एकदा बदलला की दोघांचाही बदलतो. कोष्टकांतही नीट आखणी करून हे साधता येते, यात शंका नाही. पण तेथे ती जबाबदारी आखणी करणाऱ्याची. येथे ती पद्धतीच्या मुळाशीच आहे.

प्रश्न विचारण्याची रीतही यामुळे बदलते. 'विद्यार्थ्याच्या घराच्या गावाचे नाव' हा शब्दसमूह पाहा. प्रत्येक 'च्या' म्हणजे वाटेवरचे एक पाऊल: विद्यार्थ्याकडून घराकडे, घराकडून गावाकडे. वस्तुनिष्ठ डेटाबेसला प्रश्न नेमका असाच विचारतात. कोष्टकांत याच प्रश्नासाठी तीन कोष्टकांचे क्रमांक जुळवावे लागतात.

येथवर वाचून तुम्हाला वाटेल की अखंड पद्धतच उत्तम. पण थांबा. उलट प्रश्न विचारा: 'या गावातून कोण कोण विद्यार्थी येतात?' आता 'च्या'ची साखळी उलटी चालायला हवी. गावाकडून परत येणारी वाट आधीच आखून ठेवली असेल तर ठीक. नसेल तर प्रत्येक विद्यार्थ्याकडे जाऊन त्याच्या घराची चौकशी करावी लागेल. म्हणजे अपोलोच्या स्क्रूची अडचण पुन्हा दारात उभी!

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. वस्तूभोवती एक आवरण असावे, आतली माहिती बाहेरच्याने थेट पाहू नये, वस्तूने देऊ केलेल्या क्रियांमधूनच तिच्याशी बोलावे, असा या विचाराचा दंडक आहे. प्रोग्राम लिहिताना तो फार उपयोगी पडतो. पण वस्तू घडवणाऱ्याला जो प्रश्न कधी सुचलाच नाही, तो उद्या तुम्हाला विचारायचा असेल तर? त्यासाठी क्रियाच नाही. मग आत डोकावल्याशिवाय उत्तर कसे मिळणार? १९८९ साली सहा संशोधकांनी वस्तुनिष्ठ डेटाबेसचा एक जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्यात १३ गुण आवश्यक म्हणून सांगितले होते, आवरण हा त्यांपैकी एक. पण आयत्या वेळी सुचलेल्या प्रश्नांसाठी हे आवरण सैल करावे लागेल, हे त्यांनीही मान्य केले. पुढे १९९३ साली या डेटाबेसांसाठी सामायिक प्रश्नभाषेचे प्रमाण तयार झाले, परंतु अनेक पद्धतींत ते पुरतेपणी उतरले नाही. ते प्रमाण करणारा गट २००१ साली बंद झाला.

मी भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून त्या क्षेत्रातले एक उदाहरण देतो. मूलकणांच्या टकरींची नोंद ही गुंतागुंतीच्या वस्तूचा उत्तम नमुना आहे. एका टकरीतून अनेक कण बाहेर पडतात, प्रत्येक कणाचा एक मार्ग असतो, प्रत्येक मार्गावर शोधकयंत्रात उमटलेले अनेक बिंदू असतात, आणि दोन मार्ग एकाच बिंदूपासून निघालेले असू शकतात. तसाच बिंदू नव्हे, तोच बिंदू! साहजिकच भौतिकशास्त्रज्ञांना वस्तुनिष्ठ डेटाबेसचे आकर्षण वाटले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे १९९९ साली सुरू झालेल्या बाबार प्रयोगाने आपल्या टकरी अशा डेटाबेसमध्ये साठवल्या. जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेनेही हा मार्ग गंभीरपणे आजमावला.

पण काही वर्षांतच दोन्हीकडे माघार घेतली गेली. सर्नमधील कंपास या प्रयोगाची सुमारे ३०० टेराबाइट माहिती वस्तुनिष्ठ डेटाबेसमधून काढून दुसरीकडे हलवावी लागली. इतक्या अवाढव्य साठ्याचे एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून राहणे धोक्याचे असते. सॉफ्टवेअर बदलते, कंपन्यांची धोरणे बदलतात, पण प्रयोगाची माहिती पुढच्या पिढीलाही हवी असते.

मग शास्त्रज्ञ कोष्टकांकडे परतले का? पुरते नाही. आज सर्नच्या मोठ्या प्रयोगांत टकरींच्या नोंदी रूट नावाच्या, शास्त्रज्ञांनीच तयार केलेल्या पद्धतीच्या फाइलींत वस्तुरूपाने राहतात. कोणती फाइल कोठे आहे, नोंद घेताना यंत्राची स्थिती काय होती, ही माहिती मात्र कोष्टकांत ठेवतात. आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ सीएमएस या प्रयोगात सहभागी आहेत. तेही याच व्यवस्थेतून काम करतात. ही रीत तुम्हाला अपरिचित नाही. ग्रंथालयात पुस्तक अखंड असते आणि त्याची कार्डे सुटी असतात: एक लेखकाच्या नावाने, एक विषयाने, एक शीर्षकाने. पुस्तक कोणी फाडत नाही, पण शोध मात्र हव्या त्या बाजूने घेता येतो. कोष्टकांच्या प्रमाण भाषेनेही १९९९ साली वस्तूंच्या काही कल्पना आपल्याशा केल्या. थोडक्यात, वाद कोणी एकाने जिंकला नाही. दोघांनी एकमेकांचे चांगले ते घेतले.

माझे मत असे आहे. वस्तुनिष्ठ पद्धती मागे पडल्या त्या कल्पना चुकीची होती म्हणून नव्हे. वस्तू जपण्याच्या नादात प्रश्न विचारणाऱ्याचे स्वातंत्र्य कमी झाले, म्हणून. माहिती साठवणारा आज एक असतो आणि तिला प्रश्न विचारणारा उद्याचा कोणी वेगळाच असतो. त्या अनोळखी माणसाचा विचार जी पद्धत करते, तीच टिकते.

काही शिक्षक म्हणतील, हे सारे महाविद्यालयात शिकावे, शाळेत कशाला? मला हे पटत नाही. आज शिकवलेले सॉफ्टवेअर विद्यार्थी नोकरीला लागेपर्यंत बदललेले असेल. 'तेच' आणि 'तसेच' यांतला फरक मात्र बदलणार नाही. आणि तो शिकवायला संगणकही लागत नाही.

शाळेच्या आवारातील झाडांची पाहणी हाती घ्या. बहुतेक वह्यांत 'कडुलिंब: ६, आंबा: २' एवढीच नोंद होते. पाच वर्षांनी कोणी विचारले की, 'विहिरीजवळच्या कडुलिंबाचा घेर किती वाढला?' तर वही मुकी! कारण आपण झाडे मोजली, पण झाडांना ओळख दिली नाही. म्हणून प्रत्येक झाडाला कायमचा क्रमांक द्या. झाड वठले तरी तो क्रमांक दुसऱ्या झाडाला देऊ नका. दर वर्षीचे माप त्या क्रमांकापुढे तारखेसह लिहा. कडुलिंब या जातीची माहिती सहा ठिकाणी उतरवू नका. एकाच कार्डावर लिहा आणि सहाही झाडांच्या नोंदींतून त्या कार्डाकडे बोट दाखवा.

आणि हे सगळे करण्यापूर्वी एक तास वेगळा काढा. या नोंदींना पुढे कोण कोणते प्रश्न विचारू शकेल, याची यादी वर्गाने मिळून करावी. माळीकाका काय विचारतील? पक्षी पाहणारा काय विचारील? दहा वर्षांनी याच बाकावर बसणारी मुलगी काय विचारील? यादी झाली की मगच वही आखायला घ्या. कोणत्या नोंदी अखंड ठेवायच्या आणि कोणत्या सुट्या करायच्या, हे ती यादीच तुम्हाला सांगेल.