बॅटरीची आग आणि हमीचा कागद

विजेवर चालणारी मोटार ही आता केवळ मुंबई-पुण्याच्या हौशी धनिकांची वस्तू राहिलेली नाही. पुण्याहून सोलापूर आणि हुमनाबादमार्गे हैदराबादेला जाणाऱ्या महामार्गावर ती दिसू लागली आहे. भालकी, औराद, बसवकल्याण या बिदर जिल्ह्यातील तालुक्यांत मराठी कुटुंबांची वस्ती जुनी आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बिदर आणि कलबुर्गी हे जिल्हे त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले, तरी येथील माणसांचा बाजार लातूर, उदगीर, सोलापूर आणि हैदराबाद असा चहूकडे पसरलेला राहिला. अशा गिऱ्हाइकाने परगावी मोटार घेतली, तर बॅटरी आणि तिच्या हमीचा कागद या दोन वस्तू तो घरी आणतो. पहिलीने पेट घेतल्यास दुसरी कितपत कामास येते, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

२०२२ या वर्षाने तो प्रश्न ऐरणीवर आणला. मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटली. एप्रिलमध्ये बिदरपासून फार दूर नसलेल्या निजामाबादेत घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट होऊन एक वृद्ध गृहस्थ मृत्युमुखी पडले. जूनमध्ये आमच्याच किनाऱ्यावरील वसईत टाटा नेक्सॉन ही विजेची मोटार जळाली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. परंतु त्याच वसईत सप्टेंबरमध्ये घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीने सात वर्षांच्या बालकाचा बळी घेतला. ओकिनावा कंपनीने ३,२१५ आणि ओला कंपनीने १,४४१ स्कूटरी त्याच एप्रिलमध्ये तपासणीसाठी परत मागविल्या. पेट्रोलच्या गाड्याही पेटतात, हे खरे. म्हणून विजेच्या गाडीला अस्पृश्य ठरविण्याचे कारण नाही. मात्र या आगीची जात वेगळी आहे.

लिथियमच्या बॅटरीतील एखाद्या सेलमध्ये आतल्या आत विजेचा जोड झाला की तो सेल तापतो, त्याची उष्णता शेजारच्या सेलला पेटविते आणि ही साखळी बाहेरून तोडणे अवघड होऊन बसते. विझल्यासारखी वाटणारी आग काही तासांनी पुन्हा भडकू शकते. कलबुर्गीत उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. निव्वळ उन्हाने चांगली बॅटरी पेटत नाही. पण उष्णतेने तिचे आयुष्य घटते आणि सदोष बॅटरीतील दोष बळावतो. पुण्याच्या हवेत जी चूक खपून जाईल, ती तेथे खपेलच असे नाही.

सरकार अगदी स्वस्थ बसले नाही, हे नमूद केले पाहिजे. बॅटरीसंबंधीची मानके कडक करण्यात आली आणि १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ती लागू झाली. एक सेल पेटल्यास प्रवाशांना बाहेर पडण्यासाठी किमान पाच मिनिटे आधी इशारा मिळावा, ही त्यांतील महत्त्वाची अट होय. परंतु ही सारी परीक्षा विक्रीपूर्वीची आहे. विक्रीनंतर काय?

मोटारीच्या बॅटरीची हमी बहुधा आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर अशी मोठ्या अक्षरांत छापलेली असते. बाहेरच्या कारागिराने हात लावला, कंपनीमान्य नसलेला चार्जर वापरला, पाणी शिरले, तर हमी संपली, ही कलमे मात्र बारीक अक्षरांत असतात. शिवाय हमी म्हणजे सदोष बॅटरी दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचे वचन. जळालेल्या ओसरीची किंवा होरपळलेल्या माणसाची भरपाई त्यात नसते. विमा असेल तर गाडीची घसारा वजा जाता ठरलेली किंमत मिळते. केवळ तिऱ्हाइतापुरता विमा उतरविणाऱ्यास स्वतःच्या गाडीसाठी तेवढेही मिळत नाही.

खरी गोम पुढेच आहे. आगीचे कारण सांगू शकणारा पुरावा, म्हणजे बॅटरीची राख आणि गाडीच्या यंत्रणेतील नोंदी, कंपनीच्याच ताब्यात जातो. दोष बॅटरीचा की वापरणाऱ्याचा, हे कंपनीचाच तंत्रज्ञ ठरवितो. आरोपीनेच पंचनामा करावा आणि न्यायही द्यावा, असा हा प्रकार आहे. मोठ्या शहरातील गिऱ्हाईक निदान दहा वेळा दुकानाची पायरी झिजवू शकतो. औरादच्या शेतकऱ्याने किंवा आळंदच्या शिक्षकाने ते कसे करावे?

त्यांच्या हाती एक शस्त्र आहे, ते त्यांना ठाऊक असले पाहिजे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये गाडी कोठेही घेतली असली, तरी ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. हैदराबादेत घेतलेल्या गाडीची तक्रार बिदरला, सोलापुरात घेतलेल्या गाडीची कलबुर्गीला चालते. मुदत दोन वर्षांची आहे. सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेची वा घरादाराच्या हानीची भरपाई उत्पादकाकडून मागण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. आणि दिलेल्या हमीबरहुकूम वस्तू नसेल, तर हमी देताना निष्काळजीपणा झाला नव्हता, एवढे सिद्ध करून उत्पादकाची सुटका होत नाही.

तथापि पुरावाच हाती नसेल तर कायदा लंगडा पडतो. म्हणून आगीनंतर बॅटरीचे अवशेष तिऱ्हाईत प्रयोगशाळेकडे जावेत, गाडीतील नोंदींची प्रत मालकाला मिळावी आणि चौकशीचा अहवाल जनतेपुढे ठेवला जावा, असे नियम केंद्र सरकारने केले पाहिजेत. हमीपत्र मराठीत, कन्नडात, म्हणजे गिऱ्हाइकाला वाचता येईल त्या भाषेत असावे, ही मागणीही अवाजवी नव्हे. ग्राहकानेही हमीपत्र, पावती आणि प्रत्येक तपासणीची नोंद जपून ठेवावी, आणि सुटी बॅटरी रात्री निजण्याच्या खोलीत चार्जिंगला लावू नये.

धूर न सोडणाऱ्या वाहनाचे स्वागत आम्हीही करतो. परंतु नव्या यंत्राचा नफा उत्पादकाचा आणि त्याचा धोका मात्र गिऱ्हाइकाचा, अशी वाटणी कोणत्याही सुसंस्कृत समाजाला शोभणारी नाही.