वेळेचा रकाना

लग्न ठरले की घरात याद्या सुरू होतात: पाहुण्यांची, आहेरांची आणि जेवणातील पदार्थांची. या शेवटच्या यादीत एक रकाना मात्र राहून जातो. पदार्थ किती वाजता शिजणार आणि किती वाजता पानात पडणार?

बुलढाणा जिल्ह्यातील सोमठाणा येथे फेब्रुवारी २०२४ मध्ये सप्ताहातील प्रसादानंतर दोनशेहून अधिक जणांना विषबाधा झाली. जागा अपुरी पडल्याने अनेकांना रस्त्यावर, दोरीला बाटल्या टांगून सलाईन द्यावे लागले. ते लग्न नव्हते. पण शेकडोंचा स्वयंपाक एकदाच होतो, तेथील धोका सारखाच.

शिजलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिले की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. अशा अन्नाला दोन तासांची मर्यादा मानावी. आपल्याकडील वैशाखात एकाच तासाची. इकडे वरात रेंगाळते, अक्षता लांबतात आणि पहाटेचा भात दुपारी वाढला जातो. पुन्हा गरम केले की अन्न निर्धोक होते, हा समजही पुरता खरा नाही. भातात किंवा खव्यात वाढणाऱ्या काही जंतूंचे विष उकळल्यानेही नष्ट होत नाही.

म्हणून आचाऱ्याशी आधीच बोलावे. उन्हाळ्यात बासुंदी व खव्याच्या मिठाईऐवजी बुंदी किंवा गरम शिरा ठेवावा. वरण-भात पंगतीगणिक, टप्प्याटप्प्याने शिजवावा. मठ्ठ्यात बाहेरचा बर्फ घालू नये, कोशिंबीर ऐनवेळी करावी. पहिल्या पंगतीत ज्येष्ठांना बसवावे. मानाबरोबर ताजे अन्नही त्यांना मिळेल.

ज्येष्ठांची काळजी अधिक घ्यावी लागते, कारण आम्लपित्ताच्या गोळ्यांनी जठरातील आम्ल, म्हणजेच जंतूंना अडवणारी पहिली भिंत, दुबळी होते. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असताना जुलाब झाले, तर मूत्रपिंडांवर लवकर ताण येतो. अशा वेळी लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घोटघोट पाजावे आणि नेहमीच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचारावे. लघवी कमी झाली, ग्लानी आली, उलट्या थांबेनात किंवा शौचात रक्त दिसले, तर सकाळची वाट पाहू नये. चौसाळ्याहून रात्री बीड गाठण्यातही वेळ जातो.

आणि आजी-आजोबांनो, उशिरा वाढलेल्या पानापुढे आग्रह झाला, तर हात जोडून नाही म्हणावे. त्याने यजमानांचा अवमान होत नाही.