जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी

पुण्याला कंपनीत लागलेला मोठा भाऊ दिवाळीला गावी येतो आणि आपला जुना लॅपटॉप धाकट्याच्या हातात ठेवतो. पाटोदा, वडवणी, धारूर, शिरूर कासार, कुठेही जा, बीड जिल्ह्यातल्या कित्येक घरांत पहिला कॉम्प्युटर असाच येतो. रॅम चार जीबी, हार्ड डिस्क जुनी फिरती, बॅटरी तासाभराची. चालू केला की विंडोज 10 पाच मिनिटं नुसतं गोल फिरत बसतं.

त्यात 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा आधार काढून घेतला. ज्यांनी वेगळी नोंदणी केली त्यांना सुरक्षेचे अपडेट आणखी वर्षभर, बाकीच्यांना तेही नाहीत. विंडोज 11 टाकावं तर त्याला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि साधारण 2018 च्या पुढचा प्रोसेसर लागतो. दुकानात नेलं की बहुतेक वेळा दोनच उत्तरं मिळतात. नवा घ्या, नाहीतर क्रॅक टाकून देतो.

त्या दुसऱ्या उत्तराला कृपा करून हो म्हणू नका. क्रॅक, म्हणजे चोरून विंडोज चालवणारा प्रोग्राम, टाकायचा तर बहुधा आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो. म्हणजे राखणदाराला झोपवून अनोळखी माणसाला घरात घ्यायचं. आणि त्याच लॅपटॉपवर तुम्ही महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरणार, आधारचा क्रमांक टाकणार, वडिलांचं बँक खातं उघडणार.

तिसरी वाट विंडोजच्या जागी बसणाऱ्या लिनक्स या प्रणालीची. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 मध्ये तिची सुरुवात केली. नाव परकं वाटत असेल, पण तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन याच लिनक्सच्या गाभ्यावर चालतो. नोव्हेंबर 2017 पासून जगातले पहिले पाचशे महासंगणकही सगळे त्यावरच आहेत. ही प्रणाली फुकट आहे, पण मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट: तिची प्रत काढून दुसऱ्याला देणं हा गुन्हा नाही, हक्क आहे.

मग लिनक्सची कोणती आवृत्ती घ्यायची? इथेच नवखा माणूस अडकतो. नावं शेकड्यांनी आहेत आणि प्रत्येकाचा भक्त आपलीच थोर म्हणतो. माझं मत सरळ सांगतो: लिनक्स मिंट घ्या, आणि रॅम चार जीबी असेल तर तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, विंडोज वापरलेल्या हाताला तासाभरात सवय होते. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस आधीच बसवलेलं असतं. मिंट 22 ला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत, म्हणजे डिग्री होईपर्यंत काळजी नाही. उबुंटूही चांगली, पण तिला रॅम जास्त लागते. आपल्या सीडॅक या सरकारी संस्थेची ‘बॉस’ आहे, तिच्याविषयी मला आदर आहे. मात्र अडलं तर विचारायला माणूस सापडणं कठीण, म्हणून पहिली म्हणून ती सुचवत नाही. आणि कॉलेजच्या पोरांनो, हॅकिंगचे व्हिडिओ बघून काली लिनक्स टाकू नका. ती नवशिक्यांसाठी नाही, हे तिचे कर्तेच सांगतात.

या सगळ्याला एक अपवाद आहे. तुमच्या गल्लीत, शाळेत, नात्यात कुणी रोज उबुंटू वापरत असेल, तर डोळे झाकून उबुंटू घ्या. रात्री नऊला काही अडलं तर फोन उचलणारा माणूस कुठल्याही आवृत्तीपेक्षा मोठा.

गेल्या उन्हाळ्यात केजकडचा एक मुलगा लॅपटॉप घेऊन माझ्या ओट्यावर बसला होता. पहिला प्रश्न, “काका, माझं सगळं जाईल का?” सगळेच हे विचारतात. नुसतं चालवून बघताना काहीच जात नाही. आठ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घ्यायचा, मिंटची सुमारे तीन जीबीची फाइल तिच्या अधिकृत साइटवरूनच उतरवायची आणि रूफस या छोट्या प्रोग्रामने ती पेन ड्राइव्हवर चढवायची. पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, म्हणून रिकामा म्हटलं. मग लॅपटॉप सुरू करताना एक कळ दाबायची, डेल आणि लेनोव्होत बहुधा एफ 12, एचपीत एफ 9. मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालू होते, हार्ड डिस्कला हातही लागत नाही. पेन ड्राइव्ह काढला की विंडोज जसंच्या तसं.

त्या मुलाच्या लॅपटॉपवर आवाज आला, टचपॅड चाललं, वाय-फाय मात्र दिसेना. त्याचं तोंड उतरलं. आम्ही त्याचाच मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केलं, इंटरनेट लगेच आलं. मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरने वाय-फायचा ड्रायव्हर शोधून दिला आणि दहा मिनिटांत काम झालं. मग त्याने आपल्या शेताचा सातबारा उघडून पाहिला, कॉलेजचा प्रकल्प उघडला. प्रकल्पातला एक तक्ता थोडा सरकला होता. म्हणून झेरॉक्सच्या दुकानात नेताना फाइल पीडीएफ करूनच न्या.

तुम्हीही असंच करा. एक संध्याकाळ द्या आणि आपली रोजची चार कामं त्यावर करून बघा. वेगावरून मत बनवू नका, पेन ड्राइव्हवरून सगळं सावकाशच चालतं. पटलं तर फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून मगच हार्ड डिस्कवर बसवा. बसवताना ‘डिस्क पुसा’ या अर्थाचा पर्याय येतो, तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. लॅपटॉप पूर्ण चार्ज असू द्या, लाइट कधी जाईल याचा आपल्याकडे भरवसा नाही. आणि परीक्षेच्या आठवड्यात हे काम काढू नका.

मराठीचं काय, हा प्रश्न हमखास येतो. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय भाषांच्या यादीतून मराठी इनस्क्रिप्ट जोडा. ‘एन’च्या कळीवर ल आहे, शिफ्ट धरून तीच दाबली की ळ. ‘जे’वर र, शिफ्टसह ऱ. त्यामुळे ‘वाऱ्यावर’मधला अर्धा र नीट उमटतो. आठ दिवस रोज अर्धा तास बसलात तर बोटं वळतात.

काहींनी मात्र विंडोज सोडू नये. ज्यांचं पोट टॅलीवर, कोरलड्रॉवर किंवा फोटोशॉपवर आहे, ज्यांच्याकडे श्रीलिपीतल्या जुन्या फायलींचे ढीग आहेत, जे सेवा केंद्र चालवतात आणि अंगठ्याचं यंत्र लावतात, त्यांनी कामाचा कॉम्प्युटर तसाच ठेवावा. टायपिंगच्या परीक्षेला बसणाऱ्यांनी आधी संस्थेत विचारावं. लिनक्सच्या प्रेमापोटी कुणाचा धंदा बसावा असं मला वाटत नाही.

रोजच्या डेटा पॅकमधून मिंटची तीन जीबीची फाइल उतरवणं जड जातं, हे मला ठाऊक आहे. म्हणून गावात एकानेच उतरवावी आणि पेन ड्राइव्ह फिरता ठेवावा. ज्याच्याकडे तो असेल, त्याने शेजारच्या पोराच्या लॅपटॉपला एक संध्याकाळ लावून द्यावा. शाळेच्या गुरुजींना, ग्रंथालयाच्या ताईंना सांगून एक तिथेही ठेवावा.