खिशातली कॅश, चिपमधली कॅश

परवा लॅमिंग्टन रोडवर माझ्या २०१८ च्या पीसीची रडकथा ऐकून दुकानदार म्हणाला, "साहेब, सगळंच नवीन घ्या!" सगळंच म्हणजे बोर्ड, रॅम, प्रोसेसर आणि माझा अर्धा पगार. मी फक्त प्रोसेसर घेऊन घरी आलो. एएमडीचा रायझन ५ ५६००, २०२२ सालचा.

कागदावर माझा जुना २६०० आणि हा सख्खे भाऊच. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॅट. मग पैसे कशाचे? कॅशचे, बॉस! रॅम म्हणजे माळा, तर कॅश म्हणजे ओट्यावरचा डबा. २६०० मध्ये आठ-आठ एमबीचे दोन डबे, एकेक तीन कोअरांत. ५६०० मध्ये ३२ एमबीचा एकच, सहाही जणांना हाताशी. शिवाय कमाल वेग ३.९ वरून ४.४ गिगाहर्ट्झ. ऑफिसच्या महाकाय एक्सेल शीटला आता घाम फुटत नाही. नुसत्या मेल-ब्राउझिंगला मात्र फरक शोधावा लागतो. तिथे आधी एसएसडी टाका.

जुन्या बी४५० बोर्डवर बसवणार असाल, तर जुना प्रोसेसर काढण्याआधीच बायोस अपडेट करा. मी उलटं केलं आणि अख्खा शनिवार काळ्या स्क्रीनकडे बघत काढला. नवाकोरा पीसी बांधणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये, एएम४ सॉकेट २०१६ चं आहे. आणि हो, यात ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड नसेल तर ५६००जी घ्या. कॅश निम्मी, पण चित्र तरी दिसेल!