तुमच्या गप्पीच्या पिल्लांचा घास अमेरिकेतल्या आटत्या सरोवरातून येतो!

घरी गप्पी किंवा फायटर माशांची पैदास करत असाल, तर आर्टेमियाची डबी ओळखीची असेल. ही तपकिरी भुकटी म्हणजे अंडी असतात. मिठाच्या पाण्यात टाकून एअर पंप लावला की साधारण दिवसभरात नारिंगी, वळवळणारे जीव तयार! माशांच्या पिल्लांसाठी हे उत्तम जिवंत खाद्य.

ही अंडी निसर्गातून गोळा केली जातात, आणि त्यांचा मोठा पुरवठा अमेरिकेच्या युटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून होतो. कोळंबीचं बीज तयार करणाऱ्या हॅचरीही त्यावर अवलंबून असतात.

अंडी गोळा कशी करतात?

थंडीच्या तोंडावर ती पाण्यावर तरंगतात आणि त्यांचे तांबूस पट्टे दिसू लागतात. छोट्या विमानातून पट्टे शोधतात, मग बोटी तरंगत्या कुंपणाने त्यांना घेरून पंपाने उपसतात. हंगाम १ ऑक्टोबर ते ३१ जानेवारी.

सगळीच उचलली तर?

थंडीत आर्टेमिया मरतात. वसंतातली नवी पिढी उरलेल्या अंड्यांतूनच येते. म्हणून शेतकरी बियाणं राखतो तसाच इथे नियम आहे. सरकारी वन्यजीव विभाग पाण्याचे नमुने मोजतो आणि लिटरमागे २१ पेक्षा कमी अंडी उरली तर उपसा बंद करतो. कारण याच जीवांवर काळ्या मानेच्या टिबुकलीसारखे लाखो स्थलांतरित पक्षी जगतात.

मग संकट कशाचं?

पाण्याचं. सरोवराला मिळणाऱ्या नद्यांचं पाणी वाटेतच वळवलं जातं, त्यातलं बरंचसं शेतीला, विशेषतः जनावरांच्या लसूणघासाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पातळी नीचांकावर गेली. पाणी आटलं की खारटपणा वाढतो. आर्टेमियाची शक्ती शरीरातलं मीठ बाहेर टाकण्यातच खर्च होते आणि त्याचं खाद्य असलेलं शेवाळही घटतं. २०२३ च्या जोरदार बर्फवृष्टीने दिलासा दिला, पण एका हिवाळ्याने वर्षानुवर्षांची तूट भरत नाही.

आपण काय करू शकतो?

सरोवर आपल्या हातात नाही, डबी आहे. ती घट्ट बंद करून कोरड्या, थंड जागी ठेवा आणि लागतील तेवढीच अंडी काढा. मायक्रोवर्म आणि डॅफ्निया तर घरीच डब्यात, टबात वाढवता येतात. उपशावर मोजमापाचा नियम असूनही नद्यांचं पाणी पोहोचलं नाही, तर उचलायला अंडीच उरणार नाहीत.