बिल हीच दुकानदाराची साक्ष

२०२५ च्या जुलै महिन्यात कर्नाटकाच्या वाणिज्य कर खात्याने हजारो लहान दुकानदारांना नोटिसा धाडल्या. मोबाईलवरून, म्हणजे युपीआयने, त्यांच्या खात्यांत जमा झालेली रक्कम मर्यादेबाहेर गेली, हा त्यांचा आधार. हावेरीच्या एका भाजीविक्रेत्याकडे तर २९ लाख रुपयांची मागणी झाली. वास्तविक ताज्या भाजीवर कर मुळातच नाही! साहजिकच गदारोळ उठला आणि २३ जुलै रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी ह्या नोटिसांतील जुनी थकबाकी वसूल केली जाणार नाही, असे जाहीर केले. वादळ शमले; पण त्याने शिकवलेला धडा विसरण्याजोगा नाही. पैसे आले, एवढेच बँकेचा उतारा सांगतो. ते कशाचे आले, हे दुकानदाराचे बिलच सांगू शकते.

हा धडा बंगळूरइतकाच जोयडा तालुक्यातील बाजारकुणंगलाही लागू आहे. किंबहुना सीमेवरच्या गावाला तो अधिकच लागू पडतो. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्यास वार्षिक ४० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. परंतु करपात्र माल घाट उतरून गोव्यातील गिऱ्हाइकाला विकला, की साधारणपणे ही सवलत संपते. नोंदणी करावी लागते आणि केंद्र व राज्य ह्यांच्या दोन करांऐवजी एकच आंतरराज्य कर बिलावर दाखवावा लागतो. कर्नाटकाचा सांकेतिक क्रमांक २९, गोव्याचा ३०. ह्या एका आकड्याच्या फरकाने सारे बिल बदलते.

अशा वेळी बिलिंगचे सॉफ्टवेअर घ्यावे काय, हा प्रश्न दुकानदारापुढे येतो. आमचे मत असे, की प्रथम आपली गरज मोजावी. उलाढाल थोडी आणि माल करमुक्त असेल, तर अनुक्रमांकाचे बिलबुक आणि रोजच्या रोज लिहिलेली कीर्द पुरेशी आहे. तिला ना वीज लागते, ना वर्गणी. नोंदणी झाली असेल, बिले वाढली असतील, तर मात्र सॉफ्टवेअर अवश्य घ्यावे. पण विक्रेत्याने दाखविलेल्या रंगीत आलेखांवर भुलून नव्हे.

त्याला साधे चार प्रश्न विचारावेत. मोबाईलची रेंज नसताना बिल निघते काय? रानावनाच्या ह्या मुलखात हीच पहिली कसोटी. कराचे दर बदलले, तर ते कोण आणि किती दिवसांत बदलून देणार? २२ सप्टेंबर २०२५ रोजी १२ आणि २८ टक्क्यांचे दर बहुतेक वस्तूंवरून गेले, तेव्हा हाच प्रश्न दुकानोदुकानी उभा राहिला होता. गिऱ्हाइकाला वाचता येईल अशा भाषेत बिल छापता येते काय? आणि चौथा, सर्वांत महत्त्वाचा: उद्या वर्गणी थांबविली, तर माझा हिशेब मला सबंध परत मिळतो काय? नोंदणीकृत व्यापाऱ्याने वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावा, असे कायदा सांगतो. जे सॉफ्टवेअर तो अडकवून ठेवते, ते फुकट मिळाले तरी महागच.

सरकारचेही येथे कर्तव्य आहे. दीड कोटीपर्यंत उलाढाल असणाऱ्यांसाठी जीएसटी नेटवर्कने २०१९ मध्ये मोफत सॉफ्टवेअर देऊ केले होते. परंतु साधन देणे वेगळे आणि ते शिकविणे वेगळे. नोटीस डोंगर चढून बिनचूक पोचते. मग शिक्षण वाटेत का अडावे? तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून एक दिवस कर खात्याच्या माणसाने बसून कन्नड, मराठी व कोकणीतून शंकासमाधान केले, तर पुढच्या कितीतरी नोटिसा लिहाव्याच लागणार नाहीत. तोवर दुकानदाराने मात्र आपली साक्ष आपणच लिहून ठेवावी. ती कागदावर असो वा संगणकात, तिची किल्ली त्याच्याच हाती असली पाहिजे.