दहावी पास, म्हणून संरक्षणाबाहेर
परदेशी जाणाऱ्या आचाऱ्यांविषयी खुले पत्र

प्रति,
प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्स,
परराष्ट्र मंत्रालय, नवी दिल्ली

आखाती देशांत भारतीय आचाऱ्याला मिळणारी नोकरी बहुतेक ठिकाणी एकाच साच्यातली असते. बहुधा दोन वर्षांचा करार, मूळ वेतन आणि त्यावर भत्ते, चार-सहा जणांत वाटून घेतलेली खोली, ड्युटीवरचे जेवण, आरोग्य विमा आणि करार संपल्यावर घरी यायचे तिकीट. संयुक्त अरब अमिरातीत पगारावर प्राप्तिकर नाही. मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये चढण्याची शिडी ठरलेली आहे: कॉमी थ्री, कॉमी टू, कॉमी वन, डेमी शेफ, सीडीपी (शेफ द पार्टी), सू शेफ. लहान रेस्टॉरंटमध्ये ही शिडी नसते. तिथे एक करी कुक, एक तंदूरवाला आणि एक हेल्पर मिळून सगळा गाडा ओढतात.

या नोकरीचे फायदे खरे आहेत. खोली आणि जेवण मालकाकडे असल्याने पगाराचा मोठा भाग घरी पाठवता येतो. पाचशे माणसांच्या बुफेचा अंदाज, अन्नसुरक्षेचे काटेकोर नियम, चार देशांच्या पाककृती एकाच ओट्यावर शिकायला मिळतात, आणि तिथला अनुभवाचा दाखला पुढे क्रूझवर किंवा युरोपात उपयोगी पडतो. गोव्याच्या आचाऱ्यांनी बोटींवर हेच केले; मुंबईतल्या धोबीतलावचे गोवेकरांचे कूड अशाच दर्यावर्दींच्या मुक्कामासाठी होते. आता त्या वाटेने कोकणातले, मराठवाड्यातलेही तरुण निघतात. त्यांची फूड ट्रायल, आखातासाठीची वैद्यकीय तपासणी आणि कागदपत्रे बहुधा मुंबईतच होतात, म्हणजे मंत्रालयाच्या मुंबईतील संरक्षक कार्यालयाच्या हाकेच्या अंतरावर. हाक ऐकू जात नाही, हा भाग वेगळा.

कामाचे तास कागदावर उत्तम आहेत. अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्याप्रमाणे दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास काम, दिवसाला जास्तीत जास्त २ तास ओव्हरटाइम आणि त्याला २५ टक्के जादा दर. रात्री १० ते पहाटे ४ या वेळेत हा जादा दर ५० टक्के होतो, मात्र पाळीत काम करणाऱ्यांना तो लागू नाही. रेस्टॉरंटची रीत मुळात ब्रेक ड्युटीची: सकाळी ११ ते ३, मग संध्याकाळी ६ ते १२. मधले तीन तास कागदावर विश्रांतीचे असतात. खोली गावाबाहेर असली की ते बसमध्ये किंवा किचनच्या मागच्या पायरीवर जातात. अशा दिवसाला विश्रांती धरून तेरा तास होतात, आणि हजेरीपटावर मांडले जातात दहा किंवा आठ.

पगाराच्या फोडीत खरी गोम आहे. अमिरातीत नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी फक्त मूळ वेतनावर मोजतात: पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे मूळ वेतन, त्यापुढे दरवर्षी ३० दिवसांचे. १,८०० दिरहम पगारात मूळ वेतन ८०० दाखवले, तर पाच वर्षांनी हाती २,८०० दिरहम येतात. सगळा पगार मूळ वेतन म्हणून दाखवला असता तर तेच ६,३०० झाले असते. ओव्हरटाइमही मूळ वेतनावरच ठरतो. मुंबईत ऑफर लेटरवर सही करणारा उमेदवार फक्त खालची बेरीज पाहतो. ही फोड त्याला सहीआधी समजावून सांगणे हे ज्या यंत्रणेचे काम, तिच्याकडेच हे पत्र आहे.

१९८३ च्या एमिग्रेशन कायद्याने परदेशी कामासाठी जाणाऱ्याला सरकारी मंजुरी घेण्याची अट घातली. ती का, हे मंत्रालयाला सांगायला नको. त्या कायद्यातील ‘काम’ या शब्दाच्या व्याख्येत हॉटेल, रेस्टॉरंट आणि चहाच्या दुकानातील व्यवस्थापकीय नसलेली नोकरी स्पष्टपणे नमूद आहे. म्हणजे संसदेने आचाऱ्याला जवळपास नाव घेऊन संरक्षणात आणले होते. पुढे ईसीएनआरची, म्हणजे मंजुरीची गरज नसलेल्यांची, यादी वाढत गेली आणि तो त्याच दाराने बाहेर पडला. आज ही मंजुरी १८ देशांसाठी लागते, आणि तीही ईसीआर, म्हणजे मंजुरी आवश्यक असलेल्या, पासपोर्टवाल्यालाच. दहावी पास असेल तर नको. मान्यताप्राप्त संस्थेची दोन वर्षांची पदविका असेल तर नको. प्राप्तिकर भरत असेल तर नको. वयाची पन्नाशी ओलांडली असेल किंवा आधी तीन वर्षे परदेशात काढली असतील, तरी नको.

मंजुरी नसली की तिच्यासोबतचे सगळेच गळते. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर मालकाची आणि कराराची पडताळणी होत नाही. जाण्यापूर्वीचे एक दिवसाचे प्रशिक्षण चुकते. प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची राहत नाही. या योजनेत अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपये मिळतात, आणि हप्ता आहे दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५ रुपये. नववी नापास हेल्परला हे सगळे मिळते. त्याच्याच शेजारी तंदूर सांभाळणाऱ्या केटरिंगच्या पदविकाधारकाला मिळत नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवर अरबी करार वाचता येतो, अशी मंत्रालयाची समजूत असावी. तंदूरची आग मात्र गुणपत्रिका पाहत नाही.

हे मंत्रालयाच्या ध्यानात आले नव्हते, असे म्हणण्याची सोय मंत्रालयानेच ठेवलेली नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये ईसीएनआर पासपोर्टवाल्यांनाही या १८ देशांत नोकरीला जाण्यापूर्वी नोंदणी सक्तीची केल्याचे जाहीर झाले. अंमल १ जानेवारी २०१९ पासून होणार होता. पण नोव्हेंबर २०१८ च्या अखेरीसच सक्ती मागे घेतली गेली आणि नोंदणी ऐच्छिक झाली. एजंटाच्या तगाद्यात असलेला उमेदवार ऐच्छिक नोंदणी करील, ही अपेक्षा ज्याने केली त्याने कधी एजंटाच्या बाकावर दुपार काढली नसावी.

परिचारिकांच्या बाबतीत मात्र मंत्रालयाचा हात २०१५ सालीच चालला होता. भरतीतील लूट चव्हाट्यावर आल्यावर, ईसीएनआर पासपोर्ट असला तरी परिचारिकेला या १८ देशांसाठी मंजुरी सक्तीची झाली आणि भरती सरकारी संस्थांकडे सोपवली गेली. शिक्षणाने आचाऱ्यांपेक्षा कितीतरी पुढे असलेल्या परिचारिकांना संरक्षण लागते, हे तेव्हा मान्य झाले. मग दहावी पास आचारी इतका समर्थ कसा ठरला?

एजंटाच्या फीचे गणित याहून विचित्र आहे. नियमाने तो उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेऊ शकतो. अमिरातीचा कायदा तर भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायलाच बंदी घालतो. तिथे जे घेणे बेकायदा, त्याला इथे दरपत्रक आहे. प्रत्यक्षात आकडे लाखात बोलले जातात. कुणी दीड लाख घेतले असे धरले, तर जादा वसुली १,१४,६०० रुपयांची झाली. तिच्यासाठी कायद्याच्या २४ व्या कलमात दोन वर्षांपर्यंत कैद आणि २,००० रुपयांपर्यंत दंड आहे. दोन हजार! १९८३ मध्ये लिहिलेला हा आकडा आजवर तसाच आहे. त्यात खटला भरायला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. स्थलांतरिताने स्वतः किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाने तक्रार दिली तर ती लागत नाही, पण तो शारजात आहे आणि घरच्यांच्या हाती साधी पावतीही नाही. मंत्रालयाने स्वतःच जाहीर केलेल्या बेकायदा एजंटांची संख्या तीन हजारांच्या वर गेली आहे. यादी करण्यात यंत्रणा तत्पर आहे, याबद्दल वाद नाही.

पगाराबाबतही मंत्रालयाने बाजू कोणाची घेतली, ते नोंदलेले आहे. सप्टेंबर २०२० मध्ये, करोनाने लोक परत येत असताना, भारतीय कामगारांसाठी मंत्रालय ठरवते ते किमान शिफारस वेतन खाली आणले गेले: अमिराती, कतार, ओमान व बहरीनसाठी २०० डॉलर, कुवेतसाठी २४५, सौदीसाठी ३२४. नोकऱ्या टिकाव्यात, हे त्याचे समर्थन. तेलंगण उच्च न्यायालयात जनहित याचिका गेल्यावर जुलै २०२१ मध्ये निर्णय मागे घेतला गेला. दरम्यान मार्च २०२१ पासून कतारने सर्व देशांच्या कामगारांना १,००० रियाल किमान वेतन लागू केले, शिवाय मालक सोय करत नसेल तर राहण्याचे ५०० आणि जेवणाचे ३०० रियाल. डॉलरमध्ये तो नुसता पगारच २७० च्या वर जातो. भारतीय कामगाराची किंमत यजमान देशाने भारतापेक्षा जास्त धरली, असा हा प्रसंग.

नव्या कायद्याचे मसुदे २०१९, २०२१ आणि २०२५ मध्ये आले. दर वेळी सूचना मागवल्या गेल्या. तोवर जुनाच कायदा चालवायचा असेल, तर निदान तो जसा लिहिला आहे तसा तरी चालवावा. हॉटेल आणि रेस्टॉरंटमध्ये स्वयंपाकी, तंदूर कुक, हलवाई किंवा हेल्पर म्हणून या १८ देशांत जाणाऱ्या प्रत्येकाला, पासपोर्ट कोणताही असो, परिचारिकांप्रमाणे मंजुरी सक्तीची करावी. विमा त्या मंजुरीला जोडावा. ऑफर लेटरवर मूळ वेतन, भत्ते, व्हिसावरील पद आणि ब्रेक ड्युटीचे तास वेगवेगळे लिहिलेले असावेत आणि त्याची मराठी प्रत सहीआधी उमेदवाराच्या हाती पडावी; कुक म्हणून नेऊन हेल्परच्या व्हिसावर उतरवण्याचा प्रकार त्याशिवाय थांबणार नाही. ज्या देशात कामगाराकडून फी घेण्यास बंदी आहे, तिथल्या भरतीसाठी ३०,००० ची मुभा काढून टाकावी. २४ व्या कलमातील दंड वाढवायला संसदेकडे जावे लागेल. बाकी सगळे मंत्रालयाच्या स्वतःच्या सहीने होण्यासारखे आहे.